बोरिवलीतील गोकुळ

आज गोकुळाष्टमी. कृष्णकथेत आम्ही कीर्तनकार यशोदेच्या अंगणातच अधिक रमतो. देवकीची रिती कूस सांगायची राहून जाते.

उपनगरांतील संसारांना ही कथा परकी नाही. क्रिकेटपटू रोहित शर्मा यांचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहत. मिळकत तुटपुंजी, म्हणून मुलगा बोरिवलीस आजी-आजोबा व काकांकडे वाढला. १९९९ साली काकांनीच पैसे घालून त्याला क्रिकेटच्या शिबिरात धाडले. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या खटपटीने शाळेचे शुल्कही माफ झाले. आईवडिलांची भेट मात्र शनिवार-रविवारी. बोरिवलीहून दादर, तेथे गाडी बदलून डोंबिवली. मथुरा याहून दूर ती काय असणार!

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथे त्यांनी वीस षटकांचा विश्वचषक उंचावला. तो दिवसही शनिवारच होता.

माताभगिनींनो, आज पाळणा म्हणताना एक ओवी देवकीसाठीही म्हणा.