वर्दी देणारा सोबती

ज्याचे कान धडधाकट आहेत त्याला त्या कानांच्या कामगिरीपैकी फार थोडी ठाऊक असते. कानांनी आपण बोलणे ऐकतो, गाणे ऐकतो, एवढे त्याच्या ध्यानी असते. परंतु आपण वाचनात गढलेलो असताना, स्वयंपाकघरात भाजी चिरीत असताना, किंबहुना गाढ झोपेत असतानाही हेच कान घरादारावर अखंड पहारा देत असतात, आणि दारावर थाप पडली, पाळण्यातले मूल कुरकुरले किंवा कोणी मागून येऊन खाकरले की तत्क्षणी मनाला जागे करतात, हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही. बिनबोभाट चालणाऱ्या कामाची दखल कोण घेतो? कर्णबधिर माणसाच्या घरातून नेमका हाच पहारेकरी उठून गेलेला असतो, आणि त्याची नोकरी मग डोळ्यांना करावी लागते. पाहुणा यायचा असला की खिडकीपाशी ताटकळत बसावे लागते. चुलीवर दूध ठेवले की तिथून हलता येत नाही. खोलीत कोणी अवचित आले की छातीत धस्स होते. रात्री श्रवणयंत्र काढून ठेवल्यावर तर उरलासुरला आवाजही मावळतो, आणि घरात आग लागली तर आपल्याला कळणार कसे, हा प्रश्न उशाशी घेऊनच झोपावे लागते. बहिरेपणाने आवाज हिरावला जातो हे खरेच. पण त्याहूनही अधिक हिरावला जातो तो निर्धास्तपणा.

हा पहाऱ्याचा भार शिकवून तयार केलेल्या एका लहानशा कुत्र्याच्या अंगावर सोपवता येतो, आणि तो ते काम वर्षानुवर्षे इमानाने करतो, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप फारशा लोकांना ठाऊक नाही. अंध माणसाला वाट दाखवणारे कुत्रे बहुतेकांनी चित्रात का होईना पाहिलेले असते. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशा कुत्र्यांची पद्धतशीर शाळा निघाली आणि पुढे ती विद्या युरोप-अमेरिकेत पसरली. कर्णबधिरांच्या वाट्याला मात्र तसेच साहाय्य यायला त्यानंतर सुमारे सहा दशके जावी लागली. १९७०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका कर्णबधिर बाईचे कुत्रे वारले. कोणी न शिकवताच ते कुत्रे घरातल्या आवाजांची तिला जाणीव करून देत असे. तसेच दुसरे कुत्रे मुद्दाम शिकवून मिळेल काय, या तिच्या विचारणेतून अ‍ॅग्नेस मॅकग्राथ या प्रशिक्षिकेने हे काम हाती घेतले आणि त्यातून एक नवी शिक्षणपद्धती उभी राहिली. १९७७ साली ऑरेगन राज्यात रॉय कॅबॅट यांनी याच कामासाठी एक संस्था काढली. हे गृहस्थ त्यापूर्वी चित्रपटांसाठी जनावरे शिकवीत असत. १९८२ साली ब्रिटनमध्ये पशुवैद्य ब्रूस फोगल आणि लेडी बीट्रिस राइट यांच्या खटपटीने ‘हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल’ ही संस्था स्थापन झाली. आज बकिंगहॅमशायरमधील सॉन्डर्टन या खेड्यात तिचे मोठे केंद्र आहे.

मधली साठ वर्षे का गेली, याचा विचार केला तर बहिरेपणाची एक दुखरी बाजू उघडी होते. आंधळ्या माणसाची अडचण चारचौघांना दिसते, त्याच्या हातातली काठी दिसते, आणि रस्त्यावरचा परका मनुष्यही त्याला हात द्यायला पुढे होतो. बहिऱ्या माणसाची अडचण कोणालाच दिसत नाही. तो हाकेला ओ देत नाही म्हणून शिष्ट ठरतो, दुसऱ्यांदा विचारतो म्हणून मंद ठरतो, आणि अशा अनुभवांनी पोळलेला तो हळूहळू लोकांत जाणेच सोडून देतो.

या कामासाठी कुत्रे निवडताना त्याचे कान किती तीक्ष्ण आहेत हे कोणी तपासत बसत नाही. मनुष्याला साधारणतः दर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० कंपनांपर्यंतचा. म्हणजे श्रवणशक्ती कोणत्याही निरोगी कुत्र्यापाशी हवी त्याहून अधिकच असते. पाहायचे असते ते हे, की आवाज झाल्यावर हे कुत्रे उठून पाहायला जाते की नाही. जे आवाजाने बिचकते ते उपयोगाचे नाही, आणि जे मख्खपणे पडून राहते तेही नाही. चौकस, माणसांत रमणारे, खाण्याची नि खेळण्याची आवड असलेले आणि भुंकण्याचा सोस नसलेले असे कुत्रे हवे. अंधाच्या कुत्र्याला लगामासारखी पकड अंगावर वागवायची असल्यामुळे ते थोराड असावे लागते; इथे तसे बंधन नाही. लहान चणीचे कुत्रे पलंगावर सहज उडी घेते, मांडीवर मावते, आगगाडीत बाकाखाली निजते आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही कोणाच्या पायात येत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये लॅब्रॅडॉरच्या जोडीने कॉकर स्पॅनियल आणि छोटे पूडल यांची निवड होते, तर अमेरिकेत निराश्रित जनावरांच्या आश्रयगृहांतून आणलेली लहान संकरित टेरियर कुत्री या कामी पुष्कळ वर्षे नावाजलेली आहेत. कोणी तरी टाकून दिलेल्या, कुळाशीलाचा पत्ता नसलेल्या प्राण्याने दुसऱ्या कोणाच्या घराची राखण करावी, ही गोष्ट मला तरी फार हृद्य वाटते.

शिक्षणाचा सारा भर एका उलटापालटीवर आहे. आवाज आला की भुंकावे हा कुत्र्याचा जन्मजात धर्म. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापुढे भुंकून उपयोग काय? तेव्हा आवाज आला की धन्याकडे धाव घ्यायची आणि त्याला स्पर्श करायचा, हे त्याच्या अंगी बाणवावे लागते. प्रारंभी आवाजाचा संबंधच नसतो. प्रशिक्षक खुर्चीवर बसतो, कुत्र्याने पुढचा पंजा त्याच्या गुडघ्यावर टेकवला, किंवा कुत्रे थोराड असल्यास नाकाने ढोसले, की त्याला लगेच खाऊ मिळतो. ही खूण पक्की झाली की स्वयंपाकघरातला टायमर वाजू लागतो, आणि टायमर वाजला की पंजा टेकवायचा, असा धागा जोडला जातो. मग पुढची पायरी येते. पंजा लागताच प्रशिक्षक दोन्ही तळहात वर करून ‘काय आहे?’ असे खुणेने विचारतो, आणि कुत्रे त्याला आवाजाच्या उगमापर्यंत घेऊन जाते. घड्याळाचा गजर, दारावरची घंटा, मुलाचे रडणे, घरच्या माणसाने मारलेली हाक, असे एकेक आवाज याच रीतीने शिकवले जातात. मार नाही, दरडावणी नाही. बक्षीस मात्र दर खेपेस रोख.

धोक्याच्या घंटेपुरता नियम निराळा आहे, आणि तो ज्याने योजला त्याच्या दूरदृष्टीचे कौतुक केले पाहिजे. धुराची सूचना देणारी घंटा वाजू लागली असता कुत्रे नेहमीप्रमाणे धन्याला आवाजाच्या उगमाकडे घेऊन गेले तर त्याला आगीच्या तोंडीच नेल्यासारखे होईल. म्हणून ब्रिटनमधील कुत्र्यांना अशा वेळी स्पर्श करून जागच्या जागी जमिनीवर सपाट पडून राहायला शिकवलेले असते, ‘काय आहे?’ असे विचारल्यावर कुत्रे कुठेही न जाता पोट टेकून पडले, की तिथून ताबडतोब बाहेर पडायचे हे माणसाने ओळखावयाचे.

आणखी एका बाबतीत हे काम अंधाच्या कुत्र्याच्या कामाहून भिन्न आहे. तिथे माणूस आणि कुत्रे दोघेही जागे, दोघेही वाटेवर, आणि कुठे जायचे याचा हुकूम माणसाचा. इथे हुकूम देणाऱ्याला काही घडले आहे याची वार्ताच नसते. धनी झोपलेला असतो, कुत्रेही झोपलेले असते, आणि पहाटे गजर झाला म्हणजे कोणीही न सांगता त्या एवढ्याशा जिवाने आपली झोप मोडून पलंगावर चढायचे आणि धन्याच्या खांद्यावर पंजा ठेवायचा. पुढाकार सर्वस्वी त्याचा. म्हणून नुसता आज्ञाधारकपणा इथे पुरत नाही.

अशा घरातला एखादा सामान्य दिवस पाहावा. कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री चटईवर हनुवटी टेकून पेंगत असते आणि बाई टेबलाशी पत्र लिहीत असते. पोस्टमन घंटा वाजवतो. कुत्रीचे कान मुळाशी किंचित उचलले जातात, ती उठते, दाराकडे न जाता थेट बाईकडे येते आणि दोन्ही पंजे तिच्या मांडीवर टाकते. बाई हातांनी विचारते. कुत्री दाराकडे धावते, मध्येच थबकून बाई येते आहे ना हे वळून पाहते, आणि दारापाशी जाऊन बसते. बाई आधी दार उघडते, पोस्टमनला थांबायची खूण करते, खिशातला खाऊ काढून कुत्रीला देते, आणि मगच पुडके घेते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वर्दी दिल्याची पावती न मिळाल्यास कालांतराने वर्दी देण्याचा उत्साह ओसरतो. उलट खाऊच्या लोभाने कुत्रे कधीकधी काही वाजलेले नसतानाही पंजा टेकवते. अशा वेळी खातरजमा केल्यावाचून बक्षीस देऊ नये, असा दंडक आहे. कुत्रे घरी आले म्हणजे शिक्षण संपले, असे नसते. रोजच्या रोज टायमर लावून उजळणी करण्याची जबाबदारी धन्यावर येते, शिवाय फिरवून आणणे, विंचरणे, आजारपण काढणे हे सारे असतेच, आणि ज्याची याला तयारी नाही त्याने अर्ज न करणेच बरे.

घराबाहेर कुत्रे वाहनांच्या आवाजाची वर्दी देईल अशी अपेक्षा धरली जात नाही. रस्ता माणसाने आपल्या डोळ्यांनीच ओलांडायचा असतो. तरीही सवयीच्या नजरेला त्याचे कान पुष्कळ सांगतात. एक कान मागे वळला तर मागून कोणी येत आहे. मान एकदम डावीकडे फिरली तर तिकडे काही तरी घडले आहे. बोलणे मात्र कुत्रे समजावून देऊ शकत नाही. समोरच्याचे ओठ वाचणे, खाणाखुणांची भाषा, श्रवणयंत्र यांची गरज पूर्वीइतकीच राहते.

मग चकाकणारे दिवे आणि उशीखाली थरथरणारी यंत्रे असताना कुत्रे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ती साधने चांगली आहेत आणि ती अवश्य वापरावीत. परंतु दिवा पाहण्यासाठी त्याच्याकडे नजर असावी लागते, आणि उशीखालचे यंत्र अंथरुणातून उठल्यावर निरुपयोगी ठरते. कुत्रे माणूस जाईल त्या खोलीत त्याच्या मागे जाते. शिवाय यंत्राने एकटेपणा हटत नाही. इंग्लंडातील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी १६५ कर्णबधिर प्रौढांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला कुत्रे लवकर मिळाले, दुसऱ्याला नेहमीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे. सहा महिन्यांनी पाहता कुत्रे मिळालेल्यांचे मानसिक स्वास्थ्य सरस आढळले, आणि चिंता व खिन्नता कमी आढळली.

यामागचे एक कारण कुत्र्याच्या अंगावरच असते. ब्रिटनमध्ये अशा कुत्र्याला संस्थेचे नाव असलेले तांबूस जाकीट चढवतात, अमेरिकेत भगव्या-नारिंगी गळपट्ट्याची चाल आहे. ते पाहताच दुकानदार तोंड समोर करून सावकाश बोलू लागतो. जी अडचण जन्मभर अदृश्य राहिली तिला प्रथमच एक दृश्य खूण मिळते, आणि तीही केविलवाणी नव्हे, तर शेपूट हलवणारी. परकी माणसे होऊन बोलायला येतात.

कायद्याने या सोबत्याला प्रवेशाची मुभा दिलेली आहे. अमेरिकेत १९९०च्या अपंगविषयक कायद्यान्वये दुकानदाराला वा हॉटेलवाल्याला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे या कुत्र्याची गरज आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. दाखला मागता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१०चा समानता कायदा अशी तरतूद करतो, आणि जपानने २००२ साली केलेल्या स्वतंत्र कायद्यात अंधांच्या कुत्र्यांबरोबर कर्णबधिरांच्या कुत्र्यांचाही नामनिर्देश आहे. आपल्या देशात २०११च्या जनगणनेने सुमारे ५० लाख लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून केली, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने बधिर कोण व ऐकण्यात मंद कोण यांच्या व्याख्या डेसिबलच्या मापाने ठरवून दिल्या. मुंबईत वांद्र्याला वाक् व श्रवण दोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून काम करीत आहे. श्रवणयंत्रे आणि वाचाशिक्षण यांकडे आपले लक्ष गेले ते योग्यच झाले. या चार पायांच्या साहाय्याचाही विचार अशा संस्थांतल्या जाणकारांनी आणि आपल्या प्राणिमित्रांनी एकत्र बसून करावा, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडच्या गल्लीबोळांत चौकस, चपळ आणि माणसावर जीव लावणाऱ्या लहान कुत्र्यांचा तुटवडा नाही.

हे काम कुत्र्याला हयातभर करता येत नाही. दहा-अकराव्या वर्षाच्या सुमारास त्याचे सांधे आखडतात, आणि पुष्कळदा त्याचेच कान जड होऊ लागतात. मग त्याला निवृत्त केले जाते. ते त्याच घरी राहू शकते, किंवा एखाद्या नातलगाकडे अथवा स्वयंसेवकाकडे त्याची सोय केली जाते. नवे कुत्रे येईपर्यंत मधे काही काळ जाऊ शकतो, आणि त्या काळात दिवे नि उशीखालचे यंत्र पुन्हा कामाला लागते. पुढे जोडीला तरुण कुत्रे आल्यावर जुन्याला काम विसरायला वेळ लागतो. घंटा वाजली की दोघेही धावत येतात. पहिला खाऊ नव्यालाच द्यावा लागतो, नाहीतर त्याचे शिक्षण बिघडते. म्हाताऱ्याला मग निराळ्या वेळी, कसलेही काम न करता, त्याचा वाटा द्यायचा असतो.