चैत्रगौरीची कागदी आरास आणि घरातील वडील मंडळी

फाल्गुन सरत आला की बेळगाव-निपाणीकडे ऋतुपालट जाणवू लागतो. दुपारचे ऊन चटका देते, संध्याकाळी वारा सुटतो आणि बाजारात कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात. गुढीपाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेला, देवघरातील गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. या महिन्यात सोयीचा एखादा दिवस पाहून हळदीकुंकू होते. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी देऊन सुवासिनींची बोळवण होते. याच दिवसांच्या अखेरीस, वैशाख शुद्ध द्वितीयेच्या शिवजयंतीसाठी बेळगावच्या गल्ल्याही पताकांनी सजू लागतात. घरात व रस्त्यात एकाच वेळी आरास करण्याचा असा हा महिना आहे.

मात्र अलीकडे घरच्या आराशीत एक बदल झालेला आम्हांस दिसतो. आरास तयार मिळते, ती आणली जाते, अर्ध्या तासात टांगली जाते. सूनबाई मायेनेच म्हणते, "आई, तुम्ही बसा, मी करते." त्या शब्दांत काळजी असते, यात शंका नाही. परंतु ज्या बाईने पन्नास वर्षे गौर मांडली, तिला त्या दिवशी केवळ पाहुणी होऊन बसावे लागते. शरीर थकले म्हणून तिची जाण थकलेली नसते. ही आरास पुन्हा वडीलधाऱ्यांच्या हाती कशी देता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आणि त्यासाठी कागदासारखे हलके, स्वस्त व घरोघरी असणारे दुसरे साधन नाही.

अंगणातून भिंतीवर

चैत्रातील खरी चित्रकला म्हणजे चैत्रांगण. सारवलेल्या अंगणात वा गेरूने रंगविलेल्या पाटावर पांढऱ्या रांगोळीने गौरीचा झोपाळा, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मे, कासव, नाग, मोर, हत्ती, उंबर, केळ, फणी-करंडा, सनई-चौघडा अशी चिन्हे रेखाटावयाची. ही चिन्हे सामान्यतः ५१ मानतात. आता वाड्यांच्या जागी सदनिका आल्या, अंगण गेले. आणि उकिडवे बसून रांगोळी घालणे सत्तरीच्या गुडघ्यांना झेपत नाही. तेव्हा चैत्रांगण जमिनीवरून टेबलावर आणि टेबलावरून भिंतीवर न्यावे, हे उत्तम.

त्याची रीत अशी. दोन फूट रुंद व तीन फूट उंच असा जाड पुठ्ठा घ्यावा. त्यावर गेरूच्या रंगाचा कागद डकवावा व सहा इंचांचे चौकोन आखावे. आडवे चार व उभे सहा असे चोवीस चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात पांढऱ्या कागदाचे एक चिन्ह कापून चिकटवावे आणि खाली अर्ध्या इंचाच्या पट्टीवर ठळक अक्षरांत त्याचे नाव लिहावे. गेरूवर पांढरे ही आपली जुनी रंगसंगती वृद्ध डोळ्यांनाही सोयीची आहे. वय वाढते तसे डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जाते. मग निळा व हिरवा अशा जवळच्या छटा एकमेकींत मिसळून दिसतात, पण गडद व पांढरा यांतील भेद स्पष्ट राहतो.

रोज एकच चिन्ह करावे. चैत्र तृतीयेला झोपाळ्यातील गौरीपासून आरंभ केला, तर मधले काही दिवस चुकूनही अक्षय्य तृतीयेपर्यंत चोवीस चौकोन भरतात. आजोबांनाही यात काम आहे. ज्यांचे अक्षर वळणदार, त्यांनी नावे लिहावी. एकेकाळी ज्यांनी पतंग व आकाशकंदील केले, त्यांनी पुठ्ठ्याला कामट्यांची चौकट करावी.

या चौकोनांखालच्या नावांना आम्ही फार महत्त्व देतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपल्या सीमाभागात दोन-तीन पिढ्या वाढल्या. आज पुष्कळ घरांतील मुले इंग्रजी वा कानडी माध्यमातून शिकतात. घरात ती मराठी बोलतात, पण करंडा, चौघडा, वृंदावन हे शब्द त्यांच्या कानांवर क्वचितच पडतात. नातवंड विचारते, "आजी, करंडा म्हणजे काय?" आणि आजी कुंकवाच्या करंड्याची सारी कथा सांगते. पाठ्यपुस्तकात न मिळणारा हा धडा आहे. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या कानडी काकूंनी मोराला 'नविलु' आणि कासवाला 'आमे' म्हटले, तर तेही मुलांनी आनंदाने ऐकावे. आपली आंब्याची डाळ आणि त्यांची कोसंबरी एकाच ताटात शोभते, तशीच ही नावेही शेजारी शेजारी नांदतात.

तोरण आणि पंखे

चैत्रांगणाच्या जोडीला दोन सोपे प्रकार सांगतो.

आंब्याच्या पानांचे तोरण: हिरव्या कागदाचे दोन इंच रुंद व आठ इंच लांब तुकडे करावे. प्रत्येक तुकडा लांबीतून दुमडून उघड्या बाजूने कमानीसारखा कापावा. उलगडल्यावर पान होते आणि घडीची रेघ त्याची शीर बनते. देठाकडील एक इंच दोऱ्यावरून मागे वळवून चिकटवावा. चार फुटांच्या तोरणाला चोवीस पाने पुरतात. दोन हिरव्या छटा मिळाल्यास पाने आलटून पालटून लावावी.

घडीचे पंखे: आठ इंच रुंद व बारा इंच लांब कागदाला अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या उलटसुलट घड्या घालाव्या. झालेली पट्टी मधोमध दोऱ्याने बांधून वाकवावी, म्हणजे अर्धे वर्तुळ होते. असे दोन कागद जोडले की आठ इंच व्यासाचे चक्र तयार. यास कात्री लागत नाही. म्हणून ज्यांची बोटे आखडली आहेत, त्यांनाही हे काम जमते. गौरीच्या मागील भिंतीवर अशी पाच-सात चक्रे फार शोभून दिसतात.

कागद विकतच आणला पाहिजे असे नाही. घरोघरी साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड, रंगीत कागद या कामास उत्तम. मात्र त्यांवरील गणपतीचे चित्र आधी बाजूला काढून ठेवावे. वडील मंडळी त्यास कात्री लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. २०१६ साली कर्नाटक शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांबरोबर प्लास्टिकच्या पताकांवरही बंदी आणली, त्यामुळे कागदाकडे वळण्यास एक सरकारी कारणही मिळाले आहे.

कात्री धरणारे हात

निपाणीकडील वाचकांना हे काम मुळीच नवखे वाटणार नाही. तेथील कितीतरी आजींनी तेंदूच्या पानावर पत्र्याचे माप ठेवून पाने कापण्यात आणि विड्या वळण्यात उभे आयुष्य काढले. पोटासाठी चाललेली ती कात्री आता नातवंडांसाठी चालावी. चिन्हांसाठीही त्याच धर्तीवर जाड पुठ्ठ्याचे माप करून ठेवावे, म्हणजे दरवेळी आखणी करण्याचा त्रास वाचतो.

वसंतात कागद कापून घर सजविण्याची हौस आपल्यापुरती नाही. चीनमध्ये वसंतोत्सवाला खिडक्यांवर लाल कागदाची कातरकामे लावतात; माता-आज्यांकडून मुलींकडे आलेल्या या कलेचा २००९ साली युनेस्कोने मानवतेच्या वारशात समावेश केला. पोलंडच्या खेड्यांत ईस्टरपूर्वी भिंतींना चुना देऊन त्यांवर रंगीत कातरकामे डकवीत, आणि ती कापण्यासाठी मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या कात्र्याच वापरीत.

काही सूचना

काम खुर्चीवर बसून, टेबलाशी आणि खिडकीच्या उजेडात करावे. वृद्ध डोळ्यांना तरुणांपेक्षा पुष्कळ अधिक प्रकाश लागतो. कात्री मोठ्या कड्यांची व बोथट टोकाची असावी. वीस-पंचवीस मिनिटांनी हात थांबवून बोटे मोकळी करावी. बोटे फारच दुखत असतील, तर कागद कापण्याऐवजी हाताने फाडावा. फाटलेल्या कडांची फुले उलट अधिक खरी वाटतात.

चिकटविण्यास मैद्याची ताजी खळ पुरे. जुन्या रीतीप्रमाणे तिच्यात मोरचूद घालू नये. ते विषारी असते आणि मुले जवळ असतात. भिंतीवर टांगण्याचे काम मात्र तरुणांनीच करावे. वडील मंडळींनी स्टुलावर चढण्याचा मोह धरू नये. या वयातील पडणे फार महाग पडते. पतंगी कागदाचा रंग ओला होताच पसरतो, म्हणून वळवाचे ढग दिसताच खिडकीजवळची आरास आत घ्यावी.

आणखी एक, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची सूचना. आजीने एखादे पान तिरके लावले, तर ती निजल्यावर ते काढून सरळ करू नये. ज्यांची स्मृती मंदावली आहे, त्यांना चिन्ह आठवले नाही तर रंगांचे कागद वेगळे करण्याचे वा घड्या घालण्याचे काम द्यावे, पण कामातून वगळू नये. हळदीकुंकवाला आलेली पाहुणी "कुणी केली हो आरास?" असे विचारतेच. त्या वेळी उत्तर सुनेने द्यावे, आणि सासूबाईंचे नाव घेऊन द्यावे.

अक्षय्य तृतीया झाली की चैत्रांगणाच्या मागे साल व करणाऱ्यांची नावे लिहावी. बेळगावचा पावसाळा दमट. म्हणून जून लागण्यापूर्वीच ते जुन्या धुवट साडीत गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, कपाटाच्या कोरड्या खणात ठेवावे. पुढील चैत्रात दुसरा पुठ्ठा घेऊन उरलेल्या सत्तावीस चिन्हांस आरंभ करता येईल. ती कोणती, हे आजीला आजच विचारून कागदावर टिपून ठेवावे.