पहाटे तीन वाजताची साखर

गेल्या उन्हाळ्यात पंचवटीतील एक निवृत्त शिक्षिका सुनेसोबत दवाखान्यात आल्या. वय 74, मधुमेह 20 वर्षांचा, एचबीए1सी 6.8 टक्के. तीन महिन्यांची ही सरासरी पाहून मी समाधान व्यक्त केले. सून मात्र दाराशी घुटमळली. "डॉक्टर, आई पहाटे घामाने चिंब होऊन उठतात, काहीतरी असंबद्ध बोलतात. सकाळी त्यांना काही आठवत नाही." उकाड्याने होत असेल, असे म्हणून मी तो विषय जवळजवळ सोडूनच देणार होतो.

बाईंच्या दंडावर 14 दिवसांचा सेन्सर लावला. पहिल्याच आठवड्यात तीन रात्री, दोन ते चारच्या दरम्यान, आलेख 55 च्या आसपास उतरलेला दिसला. चौथ्या रात्री सुनेने गजर लावून उठून बोटाच्या रक्तावर तपासले, साखर 58. कारण साधे होते. वजन उतरावे म्हणून बाईंनी रात्रीची भाकरी सोडून वाटीभर मुगाच्या कढणावर भागवायला सुरुवात केली होती आणि सायंकाळची ग्लिमेपिराइडची गोळी पूर्वीइतकीच चालू होती. दिवसाची चढती आणि रात्रीची पडती साखर मिळून सरासरी तेवढी देखणी दिसत होती.

हा सेन्सर रक्तातील साखर मोजत नाही. त्वचेखालचा केसासारखा तंतू पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतो आणि ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे असते. साखर झपाट्याने उतरत असताना हे अंतर महत्त्वाचे ठरते. म्हणून लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर ग्लुकोमीटरवरच विश्वास ठेवावा.

'यांतला चांगला कोणता?' असे रुग्णांचे नातेवाईक विचारतात. मी उलट विचारतो : रात्री गजर वाजला तर उठणारे घरात कोण आहे? अबॉटच्या फ्रीस्टाइल लिब्रेची पहिली आवृत्ती 14 दिवस चालते, पण मोबाइल किंवा वाचक यंत्र सेन्सरजवळ नेल्यावरच आकडा दाखवते. तिच्या स्मृतीत आठच तास मावतात. रात्री दहाला पाहून सकाळी आठला पाहिले तर मधले दोन तास हरवतात. ती गजरही देत नाही. लिब्रे 2 आणि 3 मध्ये ती सोय आहे. लिब्रे प्रो हा प्रकार रुग्णाला काहीच दाखवत नाही, 14 दिवसांची नोंद डॉक्टरांकडे उतरते. सतत आकडे पाहून धास्तावणाऱ्या आजोबांसाठी मला तोच बरा वाटतो. मेडट्रॉनिकचे गार्डियन कनेक्ट साखर उतरण्याआधीच सूचना देते, मात्र सेन्सर सात दिवसांचा आणि बोटाच्या रक्ताशी त्याची जुळणी पुन्हापुन्हा करावी लागते. इन्सुलिन घेणाऱ्या, पूर्वी भोवळ येऊन पडलेल्या किंवा एकट्या झोपणाऱ्या व्यक्तीसाठी गजराचेच यंत्र घ्यावे.

परदेशातील मुले हौसेने यंत्र पाठवतात. अमेरिकेत 2024 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळण्यास मान्यता मिळालेले डेक्सकॉमचे स्टेलो इन्सुलिन न घेणाऱ्यांसाठी आहे. साखर घसरल्याचा गजर त्यात नाही. इन्सुलिनवरच्या आईला नेमके तेच हवे असते! आणि त्वचेला न टोचता साखर सांगतो म्हणणारी घड्याळे व अंगठ्या मुळीच घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये तसा स्पष्ट इशारा दिला आहे.

फसवे आकडेही ओळखायला हवेत. सेन्सरच्या दंडावर कुशीवर झोपल्यास दाबामुळे साखर खोटी कमी दिसते. लिब्रेवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, तर गार्डियनवर साध्या पॅरासिटामॉलने आकडा खोटा वाढतो. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून औषध बदलू नये.

मग साखर किती असावी? 2019 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसहमतीनुसार वृद्ध आणि जोखमीच्या रुग्णांत दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ साखर 70 ते 180 मध्ये असली तरी चालते. 70 च्या खाली मात्र एक टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसातून पंधरा मिनिटांपेक्षाही कमी वेळ असावी. अमेरिकेत साठीपुढच्या, टाइप 1 मधुमेहाच्या 203 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेन्सरमुळे हा वेळ रोज 73 मिनिटांवरून 39 मिनिटांवर आला.

मधुमेह नसलेली मंडळीही आता 'वेलनेस'साठी सेन्सर लावतात. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एकाने मला मिसळीनंतरचा 150 चा आकडा चिंतेने दाखवला. निरोगी माणसाची साखरही जेवणानंतर थोडा वेळ 140 च्या वर जाऊ शकते. महिन्याला दोन सेन्सरचे काही हजार रुपये त्यांनी वाचवावेत, असे माझे मत आहे. केवळ मेटफॉर्मिनवर स्थिर असलेल्या आजींनाही तो सहसा लागत नाही.

बाईंची सायंकाळची गोळी बंद केली. पुढची एचबीए1सी 7.4 आली. त्या हिरमुसल्या, मी मात्र या वेळी मनापासून समाधानी होतो. औषध बदलले की पंधरवडाभर सेन्सर लावायचा, एरवी नाही, असे आमचे ठरले आहे. सुनेच्या उशाशी ग्लुकोमीटर आणि साखरेची डबी असते : 70 च्या खाली आकडा आणि बाई पूर्ण शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे; गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठायचे.