रंग खाणारे जिवाणू

घरामागच्या उकिरड्यात आपण शेण, पालापाचोळा, खरकटं टाकतो. काही महिन्यांनी त्याचं काळंभोर खत होतं. हे काम डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. पण कारखान्यातला विषारी रंगसुद्धा काही जिवाणू खातात, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मी त्याविषयी वाचलं, गुरुजींना विचारलं, ते इथे लिहीत आहे.

आपल्याकडे विटा, माधवनगर इथे माग आहेत. शेजारच्या इचलकरंजीत कापडाचा मोठा धंदा आहे. कापड रंगवताना सगळा रंग त्याला बसत नाही; उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. हे पाणी शुद्ध न करता सोडलं तर ते नदीला मिळतं. इचलकरंजी पंचगंगेकाठी आहे. वाई, कऱ्हाड, सांगली करत गेलेली आपली कृष्णा नरसोबाच्या वाडीला याच पंचगंगेला भेटते.

अशा पुष्कळ रंगांच्या रेणूंत कार्बनच्या सहा अणूंचं कडं असतं. हादग्याला मुली हात घट्ट धरून फेर धरतात ना, अगदी तसं. अशा पदार्थांना ॲरोमॅटिक, म्हणजे सुगंधी म्हणतात. पण नावावर जाऊ नका! हळदीच्या पिवळ्या रंगात अशी कडी आहेत, ती आपण रोज खातो. बेंझीनमध्येही तेच कडं आहे, पण ते विषारी आहे.

हे कडं फोडणं सोपं नाही. ॲझो नावाच्या रंगांत दोन बाजूंची कडी नायट्रोजनच्या दोन अणूंनी सांधलेली असतात. हवा कमी असलेल्या संथ पाण्यात जिवाणू आपल्या विकरांनी आधी हा सांधा तोडतात. रंग उडतो, पाणी नितळ दिसतं. पण काम अर्धंच झालेलं असतं. कडी तशीच राहतात, आणि त्यांतले काही तुकडे मूळ रंगापेक्षाही विषारी असू शकतात. म्हणून मग पाण्यात हवा सोडतात. हवेवर जगणारे जिवाणू कड्याला ऑक्सिजन जोडतात. त्यामुळे कडं उलगडून त्याची साखळी होते. साखळीचे तुकडे जिवाणू खातात. शेवटी बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातो.

सातारा-सांगलीची पुष्कळ महाविद्यालयं ज्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे यावर बरंच संशोधन झालं आहे. सोलापूरच्या कापड कारखान्याजवळच्या रंगमिश्रित मातीतून तिथल्या संशोधकांनी स्यूडोमोनास जातीचा जिवाणू वेगळा काढला. हे काम २००८ साली प्रसिद्ध झालं. त्या जिवाणूने प्रयोगशाळेत एक लाल रंग तासाभरात जवळजवळ नाहीसा केला. तो घाणीच्या मातीतच का सापडला? जिथे विष असतं, तिथे ते पचवणारेच टिकतात!

पाण्यातलं विष गेलं की नाही, हे बघायला तिथल्या प्रयोगांत ज्वारीचं बीही वापरतात. शुद्ध केलेल्या पाण्यात कोंब नीट फुटला, तर ते पाणी बाधत नाही असं समजतात.

मात्र जिवाणू आहेत म्हणून नदीत काहीही सोडावं, असं नाही. त्यांना वेळ लागतो, हवा लागते आणि फार विष झालं तर तेही मरतात. पालकांनाही माझी विनंती आहे, की फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात धुऊ नका. आणि पाणी नितळ दिसलं म्हणजे ते शुद्धच असेल, असं समजू नका.