देठ बघा, वजन बघा

पालेभाजी, फळभाजी, शेंगभाजी, कंद ही नावं आपण रोज घेतो, पण मंडईत उभं राहिलं की सगळ्यांना एकच कसोटी लावतो: दिसायला टवटवीत आहे ना? ही कसोटी पानांना लागू पडते, वांग्याला अर्धीच, आणि बटाट्याला तर फार थोडी. आपण झाडाचा कोणता भाग खातोय हे आधी बघावं, मग निवड सोपी होते.

सातारा-सांगलीत सुरुवात वांग्यापासूनच करायला हवी. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा वाई, कऱ्हाड, औदुंबर, सांगली करत हरिपूरला वारणेला भेटते. वाटेत तिने पुराबरोबर आणून टाकलेल्या गाळाची ती मळीची जमीन. हिरव्या अंगावर पांढरट रेघा असलेलं, पातळ सालीचं कृष्णाकाठचं वांगं तिथलं. भरताला त्याच्यासारखं दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

वांगं हे फळ, पण आपण ते बी धरायच्या आत खातो. बी तयार होऊ लागलं की गर चिवट आणि कडसर होतो, वांगं निबर होतं. म्हणून सारख्या आकाराची दोन वांगी घेऊन वजन बघायचं. "ताई, दोनी हातांत धरून बघा. जड लागंल ते ठिवा माघारी," असं भाजीवाल्या मावशी सांगतात ते याचसाठी. मात्र हलकं आणि सुरकुतलेलं असेल तर ते शिळं. देठ हिरवा, काटे टोचणारे, साल चकचकीत, आणि अंगठ्याने दाबल्यावर पडलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे.

भोकाचंही समजून घेण्यासारखं आहे. फळ पोखरणारी अळी वांगं कोवळं असतानाच, बहुधा देठाच्या टोपीखालून आत शिरते आणि ती जागा बुजून जाते. आपल्याला दिसतं ते बहुतेक वेळा तिचं बाहेर पडल्याचं भोक. अळी गेलेली असते, पण आतला गर खराब झालेला असतो. भोक नसलं तरी देठाजवळ चिरून बघावं ते म्हणूनच.

आलं आणि बटाटा ही मुळं नव्हेत, जमिनीखालची खोडं. सातारा जिल्ह्यात आल्याचं पीक मोठं. भाव नसला तर शेतकरी आलं जमिनीतच राखतो, त्यामुळे बाजारात नवं आणि जुनं दोन्ही येतं. या भेदावर भाव ठरवण्यावरून शेतकरी-व्यापाऱ्यांत वाद झाले आहेत आणि त्यात शेतकऱ्याची बाजू मला पटते. स्वयंपाकघरात मात्र भेद करावाच लागतो: लोणच्याला पातळ सालीचं, कमी रेषांचं नवं, चहाला जुनं तिखट. कांडी मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. खटाव भागातला पावसाळी बटाटा नवा असेल तर अंगठ्याने चोळताच साल सुटते. तो रश्श्याला छान, साठवायला नाही. हिरवट पडलेला बटाटा घेऊच नये, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असतं.

मेथी-कोथिंबिरीची जुडी मधून उघडून वास घ्या. वरून पाणी मारलेली जुडी दिसते ताजी आणि आत कुजत असते.

शेंगभाजीत भेंडी-गवार टोकाशी मोडून बघतात, पण कोरेगावचा वाघ्या घेवडा तसा नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या या राजम्याच्या जातीचं आपण वाळलेलं बीच खातो, त्यामुळे इथे पक्व दाणाच हवा. फिकट अंगावरचे तांबडे पट्टे स्पष्ट असतील तो नव्या हंगामाचा. पूर्ण दाणा काळपट तपकिरी झाला असेल तर तो जुना, आणि असा घेवडा रात्रभर भिजवला तरी शिजायला हट्ट करतो. तोंडी विचारण्यापेक्षा मूठभर दाणे तळहातावर घेऊन उजेडात बघा, किडीची बारीक छिद्रंही तिथेच दिसतात.