जुने मेल डिलीट कशाला? जीमेलमध्ये असे करा आर्काइव्ह

इनबॉक्स भरला की अनेकजण जुने मेल सरसकट डिलीट करतात. पण ट्रॅशमधला मेल 30 दिवसांनी कायमचा जातो. आर्काइव्ह केलेला मेल मात्र इनबॉक्समधून हटला तरी ‘ऑल मेल’मध्ये राहतो.

हे काम फिल्टरवर सोपवा:

1. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सर्च बॉक्समधील उजवीकडच्या चिन्हावर क्लिक करा.
2. ‘फ्रॉम’मध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता टाकून ‘क्रिएट फिल्टर’ निवडा.
3. ‘स्किप द इनबॉक्स’वर टिक करा आणि ‘पावत्या’सारखे लेबल द्या. लेबल म्हणजे फोल्डर नव्हे, तर मेलला लावलेली खूण.
4. आधीच्या मेलसाठी ‘ऑल्सो अप्लाय’वरही टिक करा.

बँकेच्या मेलना फक्त लेबल लावा. इनबॉक्स चुकवल्यास फसवणुकीची सूचना नजरेआड होईल. आणि लक्षात ठेवा, आर्काइव्हमुळे 15 जीबीतली जागा मोकळी होत नाही.