क्रूस नसलेली शाळा

सेवाग्रामला येणारा पाहुणा बापूकुटी बघतो. बा कुटी आणि आदिनिवास बघतो, पिंपळाखाली क्षणभर टेकतो, आणि गाडी पुन्हा वर्ध्याच्या दिशेने वळते. आश्रमाला लागूनच एक शाळा आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. मी याच भागातला. माझे वडील त्या शाळेत शिकले. मी मात्र नागपूरच्या एका मिशन शाळेत शिकलो आणि पुढे आयुष्यभर मास्तरकी केली. म्हणजे आमच्या घरात दोन शाळा नांदल्या. आज त्या दोन्हींविषयी बोलायचे आहे.

ख्रिस्ती शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येते. दगडी इमारत, वर क्रूस, वेळेवर वाजणारी घंटा, कडक शिस्त आणि प्रवेशासाठी पालकांची रांग. वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती शिक्षकांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम मात्र अशा शाळेत झाले की जिला ना क्रूस होता, ना बायबलचा तास. ते काम सेवाग्रामच्या ‘नई तालीम’चे.

आधी थोडे मागे जाऊ. विदर्भात इंग्रजी शिक्षणाचा पाया घातला तो स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. ते १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आजचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे. ते याच कामाच्या परंपरेतले आणि त्यांचेच नाव चालवणारे. हिस्लॉप नुसते धर्मोपदेशक नव्हते. दगड, जीवाश्म, गोंड लोकांच्या भाषा, सगळ्यांची त्यांना ओढ. चंद्रपूरकडच्या मांगलीहून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने जमवलेल्या जीवाश्मांचा अभ्यास थेट लंडनमध्ये झाला. त्यांचा शेवटही शाळेच्या वाटेवरच झाला. १८६३ च्या सप्टेंबरात ते टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले होते. जवळच्या बोरीच्या शाळेत थांबून ते संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले आणि पुराच्या पाण्यात बुडाले. नागपूरहून वर्ध्याला येताना बुटीबोरी लागते. तिथल्या कारखान्यांच्या गर्दीतून जाताना मला दर वेळी त्या घोडेस्वाराची आठवण होते.

मिशनच्या शाळांनी हाताच्या कामालाही जागा दिली होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने सुतारकाम, विणकाम असे उद्योग शिकवले. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली विणकाम करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. हे फार मोठे काम होते. पण तिथे उद्योग शिकवायचा तो निराधाराला पोट भरता यावे म्हणून. पुस्तक वेगळे आणि हत्यार वेगळे. ज्याच्या घरी चार पैसे आहेत, त्याच्या मुलाने करवत हातात धरावी असे कोणी म्हणत नव्हते. गांधीजींनी नेमके तेच म्हटले.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला सक्तीचे आणि मोफत शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून असावे, आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफले जावेत, असा विचार तिथे झाला. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवाल आलादेखील. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजना उचलून धरली आणि हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे सेवाग्राम. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ हे नाव आले.

तालिमी संघाचे मंत्री होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम. श्रीलंकेतल्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबातला हा माणूस. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांजवळ राहिला, त्यांचे सचिव म्हणून काम केले, मग वर्ध्याला मुख्याध्यापक म्हणून आला. पत्नी आशादेवी बंगाली. त्याही शांतिनिकेतनातल्याच. तमिळ ख्रिस्ती नवरा, बंगाली बायको आणि वऱ्हाडी पोरे! आशादेवींना १९५४ मध्ये पद्मश्री मिळाली, पण इथल्या मुलांना त्या दोघांचे मोठेपण वर्तमानपत्रातून कळले नाही. पहाटेच्या प्रार्थनेला, झाडलोटीला आणि जेवणाच्या पंगतीला ते दोघे बरोबर असत, हेच बाबांच्या लक्षात राहिले होते.

उद्योगातून शिक्षण म्हणजे नेमके काय, हे मी बाबांकडूनच समजून घेतले. मूल टकळीवर किंवा चरख्यावर सूत कातते. ते मोजायचे कसे? चार फूट लांबीचा एक तार. एकशे साठ तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. एका पौंडात जितक्या गुंड्या बसतील तो सुताचा अंक. वीस गुंड्या बसल्या तर वीस अंकी सूत. आता बघा, मुलाला आपल्या सुताचा अंक हवा असेल तर गुंडी तोलावी लागते, भागाकार करावा लागतो. महिन्याचे सूत, त्याला लागलेला कापूस, वाया गेलेली तूट आणि मजुरी मांडली की गुणाकारापासून शेकडेवारीपर्यंत सगळे येते. कापूस कोणत्या जमिनीत येतो, हा भूगोल. इथला कापूस मँचेस्टरला कसा गेला आणि तिथले कापड इथे कसे आले, हा इतिहास. टकळी का फिरते, हे विज्ञान. या पद्धतीला ‘समवाय’ म्हणत. शेती, गोपालन, स्वयंपाकघर हीसुद्धा शिकण्याचीच ठिकाणे. मुलांची आमसभा भरे, त्यातून मंत्री निवडले जात. बाबा एकदा आहारमंत्री होते. महिन्याच्या शेवटी गुळाचा हिशेब जुळेना, तेव्हा भर सभेत उभे राहून उत्तर द्यावे लागले. ‘परीक्षेले मी कधी इतका भेलो नाही,’ असे ते म्हणायचे.

या योजनेवर टीकाही झाली आणि ती पोकळ नव्हती. मुलांच्या श्रमातून शिक्षकाचा पगार निघावा हा आग्रह धरला, तर शाळेचा कारखाना होईल, असे जाणकारांनी तेव्हाच बजावले होते. पुढे पुष्कळ ठिकाणी तसे झालेही. शिक्षकालाच समवाय कळला नाही, की उरते ती नुसती कताई.

आता धर्माचा मुद्दा. वर्धा योजनेत धर्मशिक्षणाचा विषयच ठेवला नव्हता. धर्म आज ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात, त्यातून ऐक्यापेक्षा भांडणेच होतील, ही भीती गांधीजींनी उघड बोलून दाखवली होती. सगळ्या धर्मांना समान असलेली नीती मात्र शिकवता येते, आणि ती शिक्षकाच्या वागण्यातून शिकवता येते, असे त्यांचे म्हणणे. आश्रमाच्या प्रार्थनेत जपानी बौद्ध मंत्र होता, कुराणातला फातिहा होता, पारशी प्रार्थना होती. ख्रिस्ती भजनेही होत. ज्या संस्थेचा मंत्री ख्रिस्ती, तिचा अध्यक्ष मुसलमान आणि मुले बहुतेक हिंदू, त्या संस्थेने धर्माचा तास ठेवला नाही. धर्माविषयीची बेफिकिरी म्हणून हे केलेले नव्हते. त्यात फार मोठी जबाबदारी होती.

ही जबाबदारी ज्यांनी मनापासून उचलली, त्यांत मार्जोरी साइक्स यांचे नाव घ्यावे लागेल. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये १९०५ साली जन्म, केंब्रिजला शिक्षण. १९२८ मध्ये मद्रासच्या बेंटिंक या मुलींच्या मिशन शाळेत त्या शिकवायला आल्या आणि पुढे तिथेच मुख्याध्यापिका झाल्या. त्या क्वेकर पंथात गेल्या. या पंथात पाद्री नसतो. शांतपणे एकत्र बसणे हीच उपासना. मग शांतिनिकेतन, आणि १९४९ च्या सुमारास सेवाग्राम. त्याच वर्षी नाताळच्या आठवड्यात जगभरचे शांतिवादी सेवाग्रामला जमले होते. साइक्सबाईंनी इथे जवळजवळ दहा वर्षे शिक्षक घडवण्याचे काम केले. त्या भारताच्या नागरिक झाल्या, पुढे नागालँडमध्ये शांततेसाठी राबल्या. १९९५ मध्ये त्या वारल्या. नई तालीमची हकीकत त्यांनी लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती नीट कळते. मिशन शाळेची मुख्याध्यापिका क्रूस नसलेल्या शाळेत आली, पण तिने आपली श्रद्धा सोडली नाही. ती फक्त वेगळ्या जागी ठेवली.

ही जागा कोणती, ते आमच्या घरात फार तीव्रतेने कळले. शाळेत सफाई हा रोजचा विषय होता. चराचे संडास मुलांनीच साफ करायचे, मैल्यावर माती टाकायची, सोनखत करायचे. बाबांची पाळी आली आणि गावात बोंब झाली. आजीने त्यांना दारातच अडवले. ‘हे काम आपलं नाही, आंघोळ केल्याबिगर उंबरठा चढू नको.’ बाबा दहा-अकरा वर्षांचे. त्यांनी विहिरीवर आंघोळ केली आणि घरात आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे आठ दिवस चालले. नवव्या दिवशी आजीने विचारले, ‘बाकीचे पोरंबी करतात का?’ बाबा म्हणाले, ‘गुरुजीबी करतात.’ त्यानंतर तिने अडवले नाही. मात्र विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या दुसऱ्या वस्तीतल्या बाईशी आजी मोकळेपणाने बोलू लागायला आणखी बरीच वर्षे गेली.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे. पुढची कडू आहे. उत्तर बुनियादीचे शिक्षण पुरे करून बाबा नोकरीसाठी एका सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘मॅट्रिक कुठे आहे?’ शेतीचा ताळेबंद मांडू शकणारा, कापड विणणारा, सभा चालवणारा तरुण कागदावर अशिक्षित ठरला. त्यांनी बाहेरून मॅट्रिक केले, दोनदा नापास होऊन. नोकरी लागली, पण तो दिवस ते विसरले नाहीत. म्हणून मला त्यांनी नागपूरच्या मिशन शाळेत घातले, वसतिगृहात ठेवले. मी एकदा रागाने विचारले, ‘तुमची शाळा इतकी चांगली होती, तर मला का नाही घातलं?’ ते म्हणाले, ‘लेका, मले शाळेनं माणूस केलं गा. पण सरकारच्या रजिस्टरात माणसाचा रकाना नाही.’

नई तालीम मागे का पडली, याचे पुष्कळसे उत्तर या एका वाक्यात आहे. सरकारने नाव घेतले, पण नोकरीचा दरवाजा जुन्याच किल्लीने उघडत राहिला. ‘बुनियादी शाळा गरिबांची आणि इंग्रजी शाळा साहेबांची’ अशी वाटणी झाली. १९५१ नंतर भूदान चळवळीत अनेक कार्यकर्ते गेले. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला, पुढे ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आले. मी स्वतः तो तास घेतला आहे. बाजारातून आणलेली फुलदाणी मुले दाखवायची आणि आम्ही गुण द्यायचो. खोटे कशाला बोला!

माझ्या मिशन शाळेविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तिथे मला इंग्रजी मिळाले, वाचनालय मिळाले, वेळ पाळण्याची सवय लागली. जात कोणी विचारली नाही, हे तर फारच मोठे. पण तिथे आमचे ताट दुसरा माणूस घासायचा आणि त्याचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. बाबांच्या शाळेत ताट ज्याचे तोच घासायचा. दोन शाळांमधला फरक मला विचाराल तर तो एवढाच, आणि तो लहान नाही.

बरीच वर्षे बंद राहिल्यानंतर सेवाग्रामची ही शाळा ‘आनंद निकेतन’ या नावाने २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. माध्यम मराठी. मुले शेतात राबतात, सूत काततात, स्वयंपाक करतात, आणि सरकारी अभ्यासक्रमही शिकतात. दाखल्याची अडचण आता नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. दहा दिवस! बाबा असते तर हसले असते. पण दहा दिवस तर दहा दिवस, त्यांत मुलांना खरे काम द्या, एवढेच मी माझ्या शिक्षक मित्रांना सांगेन. फुलदाणी नको.

पुढच्या खेपेला सेवाग्रामला आलात तर बापूकुटीवरून सरळ परत फिरू नका. शाळेच्या बाजूला चार पावले टाका. मुलांचे जेवण झाले असेल तर ताटे घासण्याचा आवाज येईल. तो ऐका. बाबांना प्रार्थनेनंतर सर्वांत जवळचा वाटायचा तो हाच आवाज.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)